उदगीरच्या लढाईतला घोडा जमेना, जाणत्यांनी सांगावं

ब्रशवाला, उदगीर

रामराम मंडळी.

पंचवीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या कंपाउंडवर पाढे आणि सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं, लग्नघराच्या भिंतीवर 'शुभविवाह' आणि दोन्ही बाजूंनी हत्ती-घोडा. मग फ्लेक्स आलं आणि आमचे ब्रश वाळले. आता सुट्टीत लेकरांचे चित्रकलेचे क्लास घेतो, बाकी मिळेल ते.

सध्या मिळालंय ते असं. एका प्रकाशकाला मराठवाड्यातल्या लढायांचं पुस्तक काढायचंय. चार लढाया, प्रत्येकी तीन चित्रं: पालखेड १७२८, आमचं उदगीर १७६०, राक्षसभुवन १७६३ आणि असई १८०३. सगळं काळ्या शाईत, मुखपृष्ठ तेवढं रंगीत. संदर्भ मागितला तर त्यांनी टीव्ही मालिकांचे फोटो पाठवले. एकात सरदाराच्या मागं विजेचा खांब आहे.

उदगीरपासून सुरुवात केली, म्हणलं घरचं आहे. भाऊसाहेब पेशवे, म्हणजे सदाशिवरावभाऊ, उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर, मागं धुळीचा लोट, लोटात भगवे झेंडे, खाली पडलेले निजामाचे लोक, कोपऱ्यात किल्ला. तीन रात्री घातल्या. माळेगावच्या यात्रेत एका घोडेवाल्याला मोबाईलवर दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "पेंटर, हे घोडं वरातीतून पळून आलंय."

खरंय ते. मी आयुष्यभर वरातीचाच घोडा काढला. मान कमानीसारखी, पुढचा एक पाय वर, डोळा काजळ घातल्यासारखा. भिंतीवर तो शोभतो, लढाईत नाही. एवढं कळतंय, पण बिघडलंय नेमकं कुठं ते हाती लागत नाही.

तर विचारायचं असं, की तेव्हाचा घोडा असायचा केवढा? पळताना पाय कसे पडतात? अंगावर सामान काय काय? आणि 'हजारो स्वार' म्हणून लेखकानं लिहून दिलंय, ते एका पानात बसवू कसे? प्रकाशक म्हणतो, जमत नसेल तर एआयकडून काढून घेतो. त्यानं नमुनाही दाखवला. घोड्याला पाच पाय होते. पण रुबाब होता, खोटं कशाला बोलू.

चित्र खाली जोडलंय. हसा, पण सांगा.


बखरीतला किडा, परभणी

घोड्यातलं मला कळत नाही, म्हणून बाकीचं सांगतो. किल्ला पुसून टाका. नाव उदगीरचं असलं तरी ३ फेब्रुवारी १७६० चा शेवटचा मार औशाच्या बाजूला बसला. निजामाची फौज तोफा भोवती घेऊन धारूरकडं सरकत होती आणि मराठे तिला चालता चालता टोचत होते. चालत्या फौजेची लढाई आहे ही, किल्ल्याला पाठ लावून उभं राहिल्याची नव्हे.

आणि इब्राहिमखान गारदी कुठाय? तोफा आणि कवायती पायदळ त्याचं. आधी निजामाच्या चाकरीत होता, या वेळी भाऊंकडं. नुसते स्वार काढले तर अर्धी लढाई पानाबाहेर राहिली.

जरीपटका, म्हणजे फौजेचं मुख्य निशाण, एकच असतो हो. तुमच्या चित्रात प्रत्येकाच्या हातात एक दिलाय.


शाई-टाक, अंबाजोगाई

ब्रशवाले दादा, चित्र मोठं करून बघितलं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले. इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली तीही तीसेक वर्षं, त्यामुळे तुमच्या चुका मला पाहुण्या वाटल्या नाहीत. माझा पहिला छापील घोडा मागच्या पायांनी माणसासारखा गुडघे पुढं करून पळत होता. तो हजारो मुलांच्या दप्तरात गेला. कुणी काही बोललं नाही, हे आणखी वाईट.

आधी तेच. मागच्या पायाचा जो मोड मागं निघतो तो गुडघा नाही, ती टाच आहे. घोडा टाच वर उचलून एकाच बोटाच्या नखावर चालतो. खुर म्हणजे ते नख. उभं राहून चवड्यांवर या, टाच उचला, गुडघा थोडा मोडा आणि आरशात बाजूनं बघा. घोड्याचा मागचा पाय तोच. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि तो पुढंच मोडतो. हे एकदा स्वतःच्या पायात भिनलं की पुन्हा चुकत नाही. मी मुलांना वर्गात असं चालायला लावायचे, मुख्याध्यापक दारातून बघून जायचे.

आता पळणं. तुम्ही पुढचे दोन्ही पाय पुढं फेकलेत, मागचे दोन्ही मागं, मध्ये पोट तरंगतंय. जगभरातल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं घोडा असाच पळवला, त्यामुळे लाज वाटू देऊ नका. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजनं कॅमेऱ्यांची रांग लावून पळत्या घोड्याचे फोटो घेतले. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं निघालं, पण त्या क्षणी ते पसरलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. फ्रान्समध्ये मेसोनिए नावाचा लढायांचा मोठा चित्रकार होता. घोड्याची चाल डोळ्यात भरावी म्हणून त्यानं आपल्या आवारात रूळ टाकले, ढकलगाडीत बसून बाजूनं पळणारा घोडा न्याहाळला. तरी त्याचेही पाय चुकले होते, फोटो आल्यावर त्याला कळलं.

मात्र पाय पोटाखाली गोळा केलेला घोडा शाईत काढला की तो पळतोय असं वाटत नाही, कुंपणावरून उडी मारतोय असं वाटतं. मी असं करते: पुढच्या घोड्याचा एकच पुढचा पाय टेकलेला, सगळा भार त्यावर आलेला, मान खाली ताणलेली. दुसऱ्याचे पाय गोळा. तिसऱ्याचे मागचे टेकायच्या बेतात. डोळा एकाकडून दुसऱ्याकडं सरकतो आणि पळणं आपोआप तयार होतं. एकाच घोड्याच्या छापाचे दहा शिक्के मारले की सगळा थवा हवेत गोठतो.

उंची. तुमचे भाऊसाहेब गच्चीत बसल्यासारखे दिसतात. सरदारांकडं अरबी, इराणी घोडे असायचे, त्यामुळे भाऊंचा थोडा उंच चालेल. पण फौज चालायची ती दख्खनी घोड्यावर. भीमथडीचं तट्टू खांद्याशी ५२ इंचांच्या आसपास, म्हणजे माझ्या खांद्याखालीच. अंगानं आटोपशीर, पाय काटक, पोट वर ओढलेलं. अशा घोड्यावर धिप्पाड माणूस बसला की त्याची पावलं पोटाच्या रेषेखाली लोंबतात. चित्रात ते आधी जरा विनोदी दिसतं. तो विनोद ठेवा, पुसू नका. या लहानशा जनावरानंच मोठाल्या फौजांना दमवलं.

पांढरा घोडा सगळ्यांनाच हवा असतो. शाईच्या चित्रात पांढरा म्हणजे कोरा कागद, तो एकालाच द्या. बाकी कुमैत म्हणजे तांबूस, काळे, एखादा अबलख म्हणजे दोनरंगी. नाहीतर बघणाऱ्याला नायक कोण ते कळायचं नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुम्ही चार लढायांसाठी एकच आभाळ आणि एकच धूळ ठरवून ठेवली असेल. मीही तेच करायची. एकदा एका शेतकरी पालकानं माझं चित्र बघून विचारलं, "बाई, ही लढाई कोणत्या महिन्यातली?" मला उत्तर आलं नाही. तेव्हापासून आधी महिना काढते, मग पेन्सिल.

उदगीर माघातली. माघात आपल्याकडं शेत मोकळं असतं का? रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर, कणसं भरलेली, हुरडा संपत आलेला. हरभरा घाट्यावर. ज्वारीच्या कडेनं करडईचे तास, कारण करडईला काटे असतात आणि जनावर आत शिरत नाही. मग दादा, घोडा तरी खुशीनं शिरेल का? स्वार करडई टाळून बांधाच्या खिंडीतून घुसतील, तिथं दाटी होईल. चित्राची रचना तुम्हाला त्या पिकानंच करून दिली. आणि ५२ इंचांच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं ज्वारीच्या कणसांच्या बरोबरीनं येतं. लांबून काय दिसेल? कणसं, कणसांतून सरकणारी मुंडाशी आणि भाल्यांची टोकं. घोडा एकही नाही. तुमचे 'हजारो स्वार' असे बसवा. पुढं सहा-सात घोडे नीट काढा, उरलेली फौज ज्वारीत बुडवा. जिथून फौज गेली तिथं धाटं आडवी.

राक्षसभुवनात तर धूळ नकोच. १० ऑगस्ट १७६३, श्रावण शुद्ध प्रतिपदा. गोदावरीला पाणी. निजाम बऱ्याच फौजेनिशी पैलतीरी गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या लोकांनिशी अलीकडं, दक्षिण काठावर सापडला. तिथंच तो मारला गेला. माधवराव पेशवे तेव्हा १८ वर्षांचे. श्रावणातल्या काळ्या रानात कधी चप्पल अडकलीय तुमची? घोड्याच्या खुराला तेच होतं. पाय घोट्याच्या वरपर्यंत बुडतो, उचलताना चिखलाचा लादा घेऊन येतो, पोटापर्यंत शिंतोडे. इथं घोडा भरधाव पळवू नका. तो पाय उपसतोय, मान वर-खाली हापसतोय, स्वार पुढं झुकलाय. ओल्या तोड्याची, म्हणजे वातीची, बंदूक पेटत नाही, तेव्हा काम भाल्याचं आणि तलवारीचं. मागं नदी, पैलतीरावर बघत उभी असलेली माणसं. त्यांना इकडं येता येत नाही. माझ्या मते तुमच्या बारांतलं सगळ्यात मोठं चित्र ते पैलतीरावरच्या माणसांचं आहे.

झाडं बघून घ्या. तुमच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात वेडी बाभूळ आहे, ती इंग्रजांच्या काळात आली. गुलमोहरही तसाच, उशिरा आलेला. गाजर गवत तर १९५० नंतरचं. जागेवर जाऊन फोटो काढलात की हे सगळं येतं आणि सोयाबीनही येतं. बाभूळ, लिंब, पिंपळ, बोर, पळस एवढ्यावर भागवा.

पालखेडला लढाईच काढू नका. वैजापूरच्या बाजूचं रान, फेब्रुवारी संपत आलेला. बाजीरावानं निजामाला इकडून तिकडं पळवलं, घाईत त्याच्या अवजड तोफा मागं राहिल्या आणि अखेर अशा जागी कोंडलं जिथं पाणी नाही, धान्य येत नाही. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावला तह. म्हणजे तीन चित्रांत तलवार उपसलेली एकही नसली तरी चालेल. एक कोरडी विहीर काढा. काठावर तोंड खाली घालून उभे असलेले घोडे, खोगीर अजून अंगावरच. हत्तीची सोंड पोहऱ्याकडं. लांब टेकाडावर चार स्वार नुसते उभे. शिवाजी महाराजांच्या पागेत २५ घोड्यांमागं एक पखालजी (कातडी पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद असायचा असं नोंदलेलं आहे. बाजीरावाच्या फौजेनं पाण्याची अक्कल कुठून घेतली ते त्यात दिसतं. पखालवाला काढा एखादा, आजवर कुणी काढलेला मी तरी पाहिला नाही.

फार लांबलं. हात दुखायला लागला, बाकीचं घोडेवाले सांगतील.


लोह्याचा गडी

ताईनं झकास सांगितलं. माळेगावला पेंटरला हसलेला मी नव्हं, पण मीबी हसलोच असतो.

आमच्यात तीन पिढ्या घोडे हायेत. आजा टांगा हाकायचा, बाप यात्रेत घोड्याची दलाली करायचा, मी वरातीला देतो. चित्र बघूलालो तर पैलं डोळ्यात काय भरलं? ह्या घोड्याला तंगच नाही. खोगीर पाठीवर नुसतं ठिवलंय. पळ्ळं की स्वार खोगिरासकट पोटाखाली. तंग म्हंजे पोटाखालून आवळायचा पट्टा. मागं शेपटीखालून दुमची, खोगीर पुढं सरकू नाही म्हणून. आन् मानेखालून लगामापासून तंगाला जाणारा पट्टा, घोड्यानं डोकं वर फेकू नाही म्हणून, त्याला जेरबंद म्हणत्यात. पेपरात 'बिबट्या जेरबंद' छापत्यात बघा, त्यो शब्द घोड्याचा हाय. तीन पट्टे काढ, अर्धं चित्र जाग्यावर येतंय.

खोगीर आताच्या कातडी जीनासारखं काढू नको. कापडाची, नमद्याची जाड गादी, आत भरलेलं. काय सापडंल ते कोंबायचे म्हणून तर खोगीरभरती म्हणत्यात. वर घोंगडी घडी करून. एका बाजूला दाण्याचा तोबरा टांगलेला. लढाईत तोबरा कशाला म्हणशील, पर पेंढारी वळणाचा गडी घरदार घोड्यावरच घिऊन फिरायचा.

रिकिबीत पाय सरळ खाली सोडू नको, गुडघा मोडलेला ठिव. लगाम डाव्या हातात. दोन्ही हातानं लगाम धरला तर भाला काय दातात धरतोय का? भाला बांबूचा, जरा लवतोय, पट्टीनं ओढल्यावानी सरळ मारू नको. ढाल पाठीवर.

कान. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक लागतंय, तुझ्या घोड्याचे तसेच हायेत. फोटो राजस्थानचा बघितलास. दख्खनी घोड्याचे कान साधे, बारके. जोरात पळतानी ते मागं पडत्यात. तोंड उघडं दाखव, काटेलगाम जिभंवर बसतोय मग घोडं तोंड आ करतंय, फेस येतोय. घामाचा फेस मानंवर जिथं लगाम घासतोय तिथं आन् मागच्या मांड्यांच्या मधी, सगळ्या अंगावर नाही.

ताईला एकच सांगतो, राग नका मानू. घोडे खेटून पळाय लागले की एकमेकाची चाल धरत्यात. समदे येगयेगळे दाखवू नका, दोन-दोनाची जोडी जमवा, जोडीजोडीत फरक ठिवा. आन् पेंटर, तू खाली पडलेल्या माणसाच्या छातीवर घोड्याचा पाय दिलास. घोडं व्हईल तवर माणसावर पाय देत न्हाई. उडी मारतंय नाहीतर अंग चोरतंय. त्यात स्वार कलंडतोय. ते काढ, खरं दिसंल.

छातीवर देवमणाचा शुभ भोवरा काढलास तर आमच्यासारखा गडी पुस्तक इकत घीईल.

घोडं पळतानी बघायचं आसंल तर दसऱ्याला नांदेडला जा. हजूरसाहेबचा हल्ला म्हंजे शिखांची मिरवणूक निघतीय, निहंग शीख नागव्या तलवारी घिऊन गर्दीतून घोडे सोडत्यात. वरातीचं घोडं बघून लढाई यायची न्हाई. दुखणं हाल्याला (रेड्याला) आन् इंजेक्शन पखालीला.


बखरीतला किडा, परभणी

असईचं राहिलं होतं. २३ सप्टेंबर १८०३. आत्ताच्या जालना जिल्ह्यात, कैलना आणि जुई या नद्यांच्या मधल्या बेचक्यात. इथं भगव्या झेंड्याखाली स्वारांचा लोंढा असं मुखपृष्ठ केलंत तर चूक. शिंदे-भोसल्यांकडं स्वार हजारोंनी होते, पण लढले मुख्यतः शिंद्यांचे कवायती पायदळ आणि गोलंदाज. पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस त्या पलटणींवर होता. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याचे लोक तोफा ओलांडून पुढं गेले तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा मागून त्याच्यावर डागल्या. हे चित्र काढा. वेलस्लीची साडेचार हजारांच्या आसपास माणसं लढाईत होती, त्यांतली दीड हजारांहून जास्त मेली नाहीतर जखमी झाली. शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या.

घोडेस्वार हवेतच असतील तर एक प्रसंग आहे. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण असई गावाच्या फार जवळ गेली, तोफांनी फुटली, आणि तिच्यावर मराठे स्वार तुटून पडले. मग १९ वी लाइट ड्रॅगून ही इंग्रजांची घोडदळाची पलटण तिला सोडवायला आली. दोन्हीकडचे घोडे एका चौकटीत येतात ते इथं.

मला आवडणारा प्रसंग मात्र लढाईच्या आधीचा. वाटाडे म्हणत होते नदीला उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं, या काठावर पिंपळगाव, समोरच्या काठावर वरूड. दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच, सोयरीक काय पोहत करतात? (सोयरीक माझी, तर्क त्याचा.) उतार निघाला आणि फौज पार झाली. आपल्या गावांच्या मांडणीवरून त्याला वाट सापडली.


ब्रशवाला, उदगीर

सगळ्यांना दंडवत. तीन आठवडे झाले, उत्तर द्यायला उशीर झाला कारण काढत होतो.

मेसोनिएचे रूळ काही परवडणारे नव्हते. भाच्याच्या मोटारसायकलवर उलटा बसलो, कॅरियरला धरून, आणि ओळखीच्या एकाचं घोडं बाजूनं पळवायला लावलं. जळकोट रोडला, सकाळी सहाला. पहिल्या दिवशी नुसतं भ्यालो. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली जी तुमच्यापैकी कुणी सांगितली नव्हती. पळताना घोड्याचं डोकं आपल्याला वाटतं तेवढं वर नसतं, खांद्याच्या पुढं लांब गेलेलं असतं, आणि मान दर ढांगेला पंपासारखी पुढं-मागं होते. माझ्या कमानीच्या मानेचं मूळ तिथं होतं. वरातीत घोडा आखडून धरतात, म्हणून ती कमान.

चवड्यावर चालायचं क्लासच्या लेकरांना करायला लावलं. आता रस्त्यात भेटली तरी तशीच चालून दाखवतात.

उदगीरचं नवीन काढलं. किल्ला गेला. भाऊसाहेब मधे होते ते डाव्या कडेला गेले, जरीपटका एकच, तोही लांब. मधोमध बांधाची खिंड आणि तिच्यात अडकलेले पाच घोडे, दोन-दोनाची जोडी आणि एक आडवा फिरलेला. करडई काढताना मजा आली, काटे टाकानं एकेक मारले. वर ज्वारी. ज्वारीत मुंडाशी मोजली तर ८३ भरली, बाकीची टिंबं. घरी वडिलांना दाखवलं. त्यांनी घोड्याकडं बघितलंच नाही, म्हणाले, "कुणाचं रान तुडवायलेत रे?" मला काय बोलावं सुचेना. खिंडीच्या कोपऱ्यात गोफणीच्या माचाणावर एक राखणीवाला काढला, उडी मारून पळायच्या बेतात. लेखकाच्या मजकुरात तो नाही.

राक्षसभुवनचं प्रकाशकाला पाठवलं. फोन आला. "धूळ कुठाय? ॲक्शन दिसत नाही." म्हणलं, साहेब, श्रावण आहे. ते म्हणाले वाचकाला श्रावण कळत नाही. म्हणलं चिखल कळतो. दोन दिवस गप्प होते, मग 'ओके' असा मेसेज आला. एआयचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता अडलोय पालखेडवर. विहीर झाली, घोडे झाले, टेकाडावरचे चौघं झाले. पखालवाला बसत नाही. पखाल मी बघितलेलीच नाही. तोंड कुठल्या बाजूला? भरली की फुगते कशी? हाल्याच्या पाठीवर दोन्हीकडं सारखी लोंबते का? नेटवर एकच धूसर फोटो सापडला, त्यात पखालीपेक्षा माणूसच जास्त दिसतोय.


शाई-टाक, अंबाजोगाई

राखणीवाला ठेवा. कुणी कितीही सांगितलं तरी पुसू नका.

पखालीच्या बाबतीत माझेही हात टेकले. लहानपणी आमच्या वाड्यात पखालवाला यायचा म्हणून आई सांगायची, मी पाहिलेला नाही.


लोह्याचा गडी

पखाल आमच्या माळवदावर पडलीय. आज्याची. कातडं वाळून लाकूड झालंय, एका कडंला उंदरानं खाल्लंय, पर तोंडाची चामडी वादी शाबूत हाय आन् टाके दिसत्यात. फोटोत कळायचं न्हाई, उचलून बघावं लागतंय. रविवारी ये, जेवायलाच ये. भरून दाखवाया येत न्हाई, गळंल, पर भुसा भरून हाल्यावर टाकू. हाल्या शेजारच्याचा हाय, मारका हाय, लांबून काढ.